परत आलेला चिवडा: सोयाबीन तेलाचं नागपुरातलं एक प्रकरण

प्रकरण पूर्व नागपुरातल्या एका मध्यम आकाराच्या फरसाण कारखान्याचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पुढच्या बाजूला काउंटर: सकाळी तर्री पोहा, मग दिवसभर समोसा, कचोरी आणि आलूबोंडा. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेव, पापडी, पातळ पोह्यांचा चिवडा, खारे दाणे. मागचा माल पाऊचमध्ये भरून इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्यांच्या हातून उमरेड, भिवापूर, कुहीपासून भंडाऱ्यापर्यंत जातो. सगळं तळण रिफाइंड सोयाबीन तेलात होतं. रोजचे साधारण चार पिपे, म्हणजे १५ किलोचे चार डबे लागतात.

एप्रिल संपता संपता चिवडा परत यायला लागला. पाकिटावर मुदत ३ महिन्यांची, आणि माल दीड महिन्यातच खवट. दुकानदार पाऊच फोडून मालकाच्या नाकाशी धरायचे. वास जुन्या पेंटच्या डब्यासारखा आणि मागे किंचित माशासारखी झाक. मालकाचं निदान तयार होतं: "तेलच खराब येऊन राहिलं भाऊ, दुसरं काही नाही." तेलवाल्याचं म्हणणं, उन्हाळा आहे, नागपूर आहे, ४५ अंशांत काय टिकणार? मालकाच्या चुलतभावाचा सल्ला त्याहून सोपा होता: सोयाबीन सोड, पामोलिन घे, स्वस्तही पडेल.

तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य होतं. पण एक गोष्ट तिघांपैकी कोणाच्याही हिशेबात बसत नव्हती. शेव परत येत नव्हती. तीच दुकानं, तसेच पारदर्शक पाऊच, तेच ऊन, तेल त्याच गाडीतून उतरलेलं. तेल खराब असतं तर शेव आधी खवट व्हायला हवी होती, कारण शेवेत वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं तेल असतं आणि चिवड्यात त्याहून बरंच कमी. म्हणून सल्लागार या नात्याने मी नमुने प्रयोगशाळेत पाठवले खरे, पण माझं लक्ष आधीपासूनच तेलाच्या डब्यापेक्षा शेडमधल्या कढयांवर होतं.

तेलाचा स्वभाव

कढईकडे जाण्याआधी तेलाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण चुलतभावाच्या सल्ल्याचं उत्तर त्यात आहे.

सोयाबीनच्या दाण्यात तेल १८ ते २० टक्केच असतं. प्रथिनं त्याच्या दुप्पट. त्यामुळे भुईमूग किंवा तिळासारखं हे तेल घाण्यावर काढणं परवडत नाही. दाणे फोडून, पातळ पापुद्रे करून हेक्सेन या द्रावकात तेल ओढून घेतात आणि मग हेक्सेन उडवून टाकतात. हाती येतं ते कच्चं तेल गडद, वासाचं, खाण्याजोगं नसलेलं. त्यातले चिकट पदार्थ पाण्याने किंवा फॉस्फोरिक आम्लाने वेगळे करतात. तेच पुढे लेसिथिन म्हणून बिस्किटांत, चॉकलेटात जातं. पाकिटाच्या मागे ३२२ हा आकडा असतो तो त्याचा. कॉस्टिकने मोकळी आम्लं काढली की खाली साबणाचा गाळ बसतो, तो साबणवाले उचलतात. मग ब्लीचिंगच्या मातीतून रंग जातो. शेवटी निर्वात टाकीत २४० अंशांच्या वर वाफ सोडून वास उडवतात, आणि त्या वाफेबरोबर जे निघतं त्यातून ई जीवनसत्त्व मिळतं. तेलाच्या रिफायनरीत काहीही वाया जात नाही. सोयाबीन तेलाच्या उपयोगांची यादी लांबलचक दिसते त्याचं अर्धं कारण हेच.

दुसरं अर्धं कारण रेणूत आहे. सोयाबीन तेल ज्या स्निग्धाम्लांचं बनतं त्यात लिनोलेइक आम्ल ५० टक्क्यांच्या वर, ओलेइक २२-२३, आणि लिनोलेनिक ७-८ टक्के. ओलेइकच्या साखळीत दुहेरी बंध एक, लिनोलेइकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. हवेतला ऑक्सिजन हल्ला करतो तो या बंधांच्या शेजारी, आणि वेग साध्या गुणाकाराने वाढत नाही: ओलेइकच्या तुलनेत लिनोलेइक दहा-बारा पट वेगाने बिघडतं आणि लिनोलेनिक वीसहून जास्त पट. म्हणजे तेलातला ७-८ टक्क्यांचा तो छोटा हिस्सा सगळ्या तेलाचा वास ठरवतो.

हे कळायलाही वेळ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सोयाबीन तेल भरपूर होतं, पण डबा फोडून ठेवला की त्याला गवताचा, रंगाचा, माशाचा वास यायचा. तिथल्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एक साधा पण धूर्त प्रयोग केला. सरकीच्या तेलाच्या रेणूत लिनोलेनिक आम्ल बसवलं आणि चव घेणाऱ्यांपुढे ठेवलं. त्यांनी ते सोयाबीनचं तेल म्हणून ओळखलं. चोर सापडला. त्याला आवरायला जे उपाय निघाले त्यातला सायट्रिक आम्लाचा उपाय आजही प्रत्येक रिफायनरीत वापरला जातो, कारण ते तेलातले लोखंडाचे, तांब्याचे सूक्ष्म अंश पकडून ठेवतं. हायड्रोजन घालून लिनोलेनिक कमी करण्याचा दुसरा उपाय मात्र महागात पडला: अर्धवट हायड्रोजनीकरणातून ट्रान्स फॅट आलं, आणि आपल्याकडे १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल-चरबीत त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणावी लागली.

ही माहिती मालकाला सांगितल्यावर त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे तेलच खराब." नाही. तेल नाजूक आहे, आणि नाजूक तेलाला कोणत्या कामावर लावायचं हे आपण ठरवायचं असतं. सीलबंद डब्याचा नमुना प्रयोगशाळेतून स्वच्छ आला: पेरॉक्साइड (ऑक्सिजनने तेल बिघडायला लागल्याची पहिली खूण) नगण्य, आम्लता मर्यादेत, भेसळीची खूण नाही. डब्यावर लिहिलेला टीबीएचक्यू हा अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनला आवरणारा पदार्थ, परवानगीच्या हद्दीत होता. भारतात तो किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. तळताना वाफेबरोबर त्यातला बराचसा भाग निघून जातो, पाऊचपर्यंत पोचतो तो थोडाच.

शेडमध्ये

पहाटेची पाळी पाहायला बसलो. भट्टी पेटली, शेवेच्या कढईत नवीन डबा ओतला गेला. मग मुख्य कारागिराने कोपऱ्यातलं झाकलेलं पातेलं उचललं, मलमलीच्या फडक्यातून गाळत गाळत चिवड्याच्या कढईत रिकामं केलं आणि वर थोडं नवीन तेल घातलं. पातेल्यात काय होतं? काउंटरवरच्या समोशाच्या कढईतलं कालचं तेल.

चिवड्याची तक्रार तिथेच उलगडली. तरी कारागिराला दोष द्यायची माझी इच्छा नाही. तो म्हणाला, "नव्या तेलात चिवड्याले रंग येत नाही साहेब." ते खरंच आहे. अगदी कोऱ्या तेलात पदार्थ फिका राहतो. थोडं वापरलेलं तेल पदार्थाच्या ओल्या अंगाला जास्त नीट भिडतं, कारण तळणातून त्यात साबणासारखे काही पदार्थ तयार झालेले असतात. चांगले हलवाई हे पिढ्यान्पिढ्या जाणतात. चूक जुनं तेल घेण्यात नव्हती. कोणत्या कढईतलं घेतलं यात होती.

शेव आणि समोसा यांच्या कढया वरून सारख्या दिसतात. आतला हिशेब पूर्ण वेगळा. शेव प्रत्येक घाण्याला भरपूर तेल पिऊन बाहेर पडते, म्हणून कढईत सतत नवीन तेल घालावं लागतं. समजा कढईत ३० किलो तेल आहे आणि दिवसात ९० किलो शेव निघते, तर शेवेबरोबर ३० किलोच्या आसपास तेल गेलं. एका दिवसात सगळी कढईच बदलली. अशा कढईतलं तेल म्हातारं होतच नाही. समोशाचं उलटं. पारी तेल कमी ओढते, आतल्या आलूची वाफ सतत तेलातून जाते आणि पाण्यामुळे तेल तुटून मोकळी आम्लं वाढतात. शिवाय गिऱ्हाईक येईपर्यंत मंद आचेवर कढई तासन् तास तापत बसलेली. मसाल्याची, मैद्याची जळकी कणी तळाशी. ते तेल रात्री काळपट, फेसाळ आणि दाट झालेलं असतं.

मीटर लावून पाहिलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे तापून तापून तेल तुटल्यावर साठणारे पदार्थ, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल बाद. शेवेची कढई संध्याकाळीही या मर्यादेच्या खूप खाली होती. समोशाची रात्री काठावर, आणि रविवारच्या गर्दीनंतर काठाच्या पलीकडे.

आता चिवड्याचं बघा. काउंटरवरचा समोसा तासाभरात खाऊन संपतो, त्याच्या तेलाला टिकायची गरजच नाही. चिवड्याला मात्र ३ महिने पाऊचमध्ये काढायचे आहेत. आणि हा चिवडा आयुष्याची सुरुवातच अशा तेलाने करत होता ज्यात ऑक्सिडेशनची साखळी आधीच जोरात चालू होती. ही साखळी स्वतःच स्वतःला वाढवते. विरजणाच्या थेंबासारखं थोडंसं बिघडलेलं तेल चांगल्या तेलालाही आपल्याबरोबर ओढतं. त्यातून पातळ पोह्यांचा पृष्ठभाग एवढा मोठा की तेलाची पातळ फिल्म चारही बाजूंनी हवेला उघडी. तापमान १० अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम धरला तर नागपूरचा मे महिना जानेवारीच्या कित्येक पट पुढे धावतो. हिवाळ्यात हाच चिवडा, याच पद्धतीने तळलेला, मुदत काढून जायचा. म्हणून दोष आजवर दिसला नव्हता.

आणखी दोन गोष्टी नजरेला पडल्या. एक, डब्यातलं तेल मोठ्या पिंपात ओतून ठेवायचे आणि त्या पिंपाला पितळी चावी होती. चावीच्या तोंडाशी हिरवट चिकटा जमलेला. पितळेत तांबं असतं आणि तेल खवट करण्यात तांब्याचा हात कोणी धरू शकत नाही. अगदी सूक्ष्म अंशही पुरतो. रिफायनरीने सायट्रिक आम्ल घालून धातू पकडून ठेवायचे आणि आपण शेवटच्या टप्प्यावर तेल पितळेतून काढायचं! दुसरी गोष्ट दुकानांतली. पाऊचच्या लडी दाराबाहेर, उन्हात लटकवलेल्या. प्रकाशानेही तेल बिघडतं, आणि एरवी बिघाड जोर धरण्याआधी काही काळ रेंगाळतो, तसा हा रेंगाळतही नाही.

हुडावरचा थर आणि हिंगण्याचा साडू

भट्टीवरच्या धुराड्याच्या पत्र्यावर पिवळट-तपकिरी थर बसला होता. कडेला अजून चिकट, मध्ये मात्र कडक आणि चकचकीत. सुरीने खरवडला तर वार्निशच्या पापुद्र्यासारखा निघाला. पोऱ्या दर आठवड्याला कॉस्टिकच्या पाण्याने घासायचा आणि कंटाळायचा.

या थराकडे बघून मालकाचा साडू हसला. तो हिंगणा एमआयडीसीत ऑइल पेंटला लागणारं रेझिन बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये आहे. म्हणाला, आम्ही हेच विकतो. आणि खरोखरच तेच आहे. दुहेरी बंधांवर ऑक्सिजन येतो, रेणू एकमेकांना जोडले जातात, पातळ तेलाची जाळी होते आणि ती वाळून कडक बसते. चिवड्याच्या पाऊचमध्ये साखळीचे तुकडे पडून वास येतो, पत्र्यावर पातळ थरात हवा-उष्णता मिळून ती जोडली जाते. रसायन एकाच घराण्याचं.

विदर्भाला तेलाचा हा गुण नवा नाही. जवस इथलंच पीक, आणि जवसाच्या तेलात लिनोलेनिक निम्म्याहून जास्त. म्हणून ते झटपट वाळतं. जुन्या काळी दारं-खिडक्या, बैलगाड्यांचं लाकूड त्यानेच राखलं. पण जवसाचा थर काळानुसार पिवळा पडतो. सोयाबीन तेल वाळायला हळू, तांत्रिक भाषेत अर्ध-वाळणारं, पण लिनोलेनिक कमी असल्याने पांढऱ्या रंगाला पिवळेपणा कमी येतो. रेझिनवाले ते ग्लिसरीन किंवा पेंटाएरिथ्रिटॉलबरोबर २४० अंशांच्या आसपास शिजवतात, मग थॅलिक अ‍ॅनहायड्राइड घालून अल्किड रेझिन करतात. वर कोबाल्टसारख्या धातूचा ड्रायर थोडासा. म्हणजे ज्या धातूंच्या अंशांपासून फरसाणवाल्याने तेल जपायचं, त्यांच्याच भाऊबंदांना पेंटवाला पैसे देऊन तेलात घालतो. मला या धंद्यातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे. तोच दुहेरी बंध, एका गाळ्यात खर्चाची बाजू, दुसऱ्यात जमेची.

या बंधाच्या जिवावर आणखी किती धंदे चालतात ते थोडक्यात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक आम्लाने त्या जागी ऑक्सिजनची कडी बसवली की एपॉक्सिडाइज्ड सोयाबीन तेल होतं, ते पीव्हीसीला मऊ आणि टिकाऊ करतं. लोणच्याच्या काचेच्या बरणीचं फिरकीचं पत्र्याचं झाकण उलटं करून बघा, आतल्या कडेला रबरासारखी जी गोल पट्टी असते त्यात ते असतं. बंध उघडून पॉलिओल, म्हणजे फोमचा कच्चा माल, केला की फोम. फोर्डने २००८ च्या मस्टँगच्या सीटमध्ये असा फोम घातला. छपाईच्या शाईत सोयाबीन तेल आलं १९८० च्या दशकात: अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या 'सीडर रॅपिड्स गॅझेट' या दैनिकाने १९८७ मध्ये ते पहिल्यांदा वापरलं. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्येही खनिज तेलाऐवजी सोयाबीनचं एस्टर भरतात, कारण ते पेट घेतं ३०० अंशांच्या वर, तर खनिज तेल त्याच्या निम्म्याच्या थोडं पुढे. गर्दीच्या वस्तीतल्या उपकेंद्राला हा फरक मोठा आहे.

साडूने मग मुद्द्याचा प्रश्न विचारला: तुमचं जळकं तेल आमच्याकडे चालते का? स्वस्तात पडंन. मालकाचे डोळे चमकले. पण नाही, चालत नाही. तळलेल्या तेलाचे बरेच बंध आधीच खर्ची पडलेले, आम्लता वाढलेली आणि रंग काळपट. पांढऱ्या ऑइल पेंटच्या रेझिनला तेलाचा रंगच आधी बघतात. साबणालाही ते मनासारखं नाही. सोयाबीनचा साबण मुळातच मऊ होतो आणि वडीवर पुढे तपकिरी खवट ठिपके उमटतात. पोटॅशचा द्रव साबण त्यातल्या त्यात बरा. जळक्या तेलाची खरी वाट डिझेलकडे जाते.

ती वाटही नियमाने आखलेली आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्याने मार्च २०१९ पासून वापराची नोंद ठेवायची आणि जुनं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं. १५ किलोचा डबा म्हणजे जवळपास १६ लिटर, चार डबे म्हणजे ६५. मालक या नियमात बसत होता आणि त्याला पत्ता नव्हता. गोळा केलेलं तेल मिथेनॉल आणि क्षाराबरोबर अभिक्रिया करून बायोडिझेल होतं: १०० किलो तेल, १०-११ किलो मिथेनॉल, आणि बाहेर १०० किलोच्या आसपास बायोडिझेल व १० किलोभर ग्लिसरीन. तेलाची आम्लता जास्त असेल तर सरळ क्षार घातल्यावर डिझेलऐवजी साबण होतो, म्हणून आधी गंधकाम्लाने एक फेरी करावी लागते. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचं उद्दिष्ट आहे, आणि भारतासारख्या खाद्यतेल आयात करणाऱ्या देशात ते कोऱ्या सोयाबीन तेलातून करणं शहाणपणाचं नाही. वापरलेल्या तेलातून मात्र जरूर करावं.

इथे एक अडचण. पावती न देता जास्त भाव देणारा माणूस दर आठवड्याला शेडच्या मागच्या दाराशी येत होता. जास्त भाव कसा परवडतो हे विचारायची गरज नाही. ते तेल गाळून, नव्यात मिसळून पुन्हा एखाद्या ठेल्यावर तापतं. हे माझं मत म्हणून नोंदवतो: बायोडिझेलच्या दरापेक्षा जास्त भाव जो देतो, तो डिझेल बनवत नाही.

पर्याय

चुलतभावाचं पामोलिन. टिकायला उत्तम, कारण लिनोलेनिक जवळपास नाहीच आणि संपृक्त चरबी ४० टक्क्यांच्या वर. सोयाबीनमध्ये ती १५ टक्क्यांच्या आसपास. पण नागपूरचा हिवाळा विसरून चालत नाही. डिसेंबरच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो, पामोलिन गढूळ होतं, थिजतं, आणि शेवेवर पांढुरकी झाक येते. गिऱ्हाईक तिला बुरशी समजतं. आणि या भागातलं गिऱ्हाईक पाकीट उलटून 'पाम नाही ना?' असं विचारतं, ते बरोबर की चूक हा भाग निराळा.

शेंगदाणा तेल चवीला आणि टिकायला दोन्हीत वरचढ, भावाने बाद.

तांदळाच्या कोंड्याचं तेल. हा पर्याय मला जवळचा वाटला. ओलेइक ४० टक्क्यांच्या आसपास, लिनोलेनिक दीड-दोन टक्के, वर ओरायझेनॉलचं नैसर्गिक संरक्षण. भंडारा-गोंदियाचा धानाचा पट्टा शेजारीच आहे. रंग थोडा गडद, पण हळद घातलेल्या चिवड्यात तो दिसत नाही.

चौथा पर्याय, सोयाबीनच ठेवा पण कढया वेगळ्या करा. मालकाने यावर बोट ठेवलं, आणि कारण तेलाचं नव्हतं. पाऊचचे छापील रोल गोदामात पडून होते आणि त्यावर घटकांत 'रिफाइंड सोयाबीन तेल' छापलेलं. घटकांत तेलाचं नाव स्पष्ट लिहावं लागतं. तेल बदललं की रोल रद्दी. सल्लागाराने कितीही तक्ते मांडले तरी छोट्या कारखान्यात निर्णय बऱ्याचदा गोदामातल्या रोलवर येऊन थांबतो.

दुसरं कारण तो बोलला नाही, पण मला माहीत होतं. त्याची उमरेड तालुक्यात वडिलोपार्जित शेती आहे आणि खरिपात सोयाबीनच असतं. नागपूरच्या कळमना बाजारात भाव पडला की तो सरकारला शिव्या देतो, तेलाच्या डब्याचा भाव चढला की पुन्हा सरकारलाच. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं तेव्हा शेतकरी म्हणून तो खूश आणि फरसाणवाला म्हणून हैराण. ३० मे २०२५ ला ते १० टक्क्यांवर आलं तेव्हा उलटं. शेतकरी म्हणून फायदाही त्याला वाटतो तेवढा थेट होत नाही. १०० किलो दाण्यांतून तेल १८ किलोच्या आसपास आणि ढेप ८० किलोच्या आसपास निघते, त्यामुळे दाण्याचा भाव ठरवण्यात ढेपेचा, म्हणजे कोंबड्यांच्या खाद्याचा आणि निर्यातीचा वाटा मोठा. हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी ५,३२८. हमीभाव चढला म्हणून कळमन्यात तो मिळतोच असं नाही, हे त्याला कोणी सांगायला नको.

काय केलं, काय नाही

समोशाचं तेल मागे नेणं बंद झालं. चिवड्याच्या कढईला सुरुवातीचं तेल आता शेवेच्या कढईतून मिळतं: थोडं वापरलेलं, रंग देणारं, पण तरुण. कारागिराचा रंगाचा मुद्दा यात राखला गेला, म्हणूनच त्याने बदल मनापासून पाळला. 'नवीनच तेल वापर' असा हुकूम सोडला असता तर मालकाची पाठ वळताच जुनं पातेलं परत आलं असतं.

समोशासाठी कढई लहान केली. मोठी कढई अर्धा दिवस रिकामी तापत राहायची; लहान कढईत तेल कमी, त्यामुळे बदल लवकर. दुपारच्या मंदीत गॅस बंद. रात्री मीटर २५ च्या जवळ गेलं की तेल निळ्या ड्रममध्ये आणि वहीत नोंद. पितळी चावी जाऊन स्टीलची आली. सगळ्या कामात स्वस्त आणि सगळ्यात निमूटपणे झालेली दुरुस्ती ही. पिंपाला शेडच्या पत्र्याखालून काढून भिंतीच्या सावलीला हलवलं.

पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरायचं मशीन भाड्याने घेतलं, पण फक्त अर्धा किलोच्या पाकिटांसाठी. पाच-दहा रुपयांच्या पाऊचला तो खर्च सोसत नाही. पारदर्शक पाऊच बदलून आतून चंदेरी असलेले घ्या, हे मी सुचवलं. मालकाने सरळ नाही म्हटलं. खेड्यातल्या दुकानात लोक चिवडा डोळ्यांनी बघून घेतात, दाणे किती, खोबरं किती. त्याचं म्हणणं पटलं नाही तरी धंदा त्याचा आहे. त्याऐवजी छोट्या पाऊचवरची मुदत उन्हाळ्यासाठी २ महिन्यांवर आणली, आणि ठोक व्यापाऱ्यांना लडी दाराच्या आत लावायला सांगितलं. ते किती पाळलं जातं हे प्रत्येक दुकानदाराच्या मर्जीवर आहे.

पुढच्या उन्हाळ्यात परतीचा माल पूर्ण थांबला नाही, पण ठोक व्यापाऱ्यांची रोजची कटकट थांबली. जे परत आलं ते जवळजवळ सगळं छोटे पाऊच, उन्हात लटकलेले. सोयाबीन तेल तेच, तेलवालाही तोच. पेरॉक्साइडच्या आकड्यांवर मात्र आम्ही फार विसंबलो नाही. सोयाबीनचा वास आकडा चढण्याआधीच फिरतो, आणि खूप बिघडल्यावर पेरॉक्साइड तुटून आकडा पुन्हा उतरतोसुद्धा. त्यापेक्षा दर घाण्यातलं एक पाकीट मागे ठेवून, दर आठवड्याला फोडून वास घेणं जास्त उपयोगी ठरलं. हे काम काउंटरवर बसणाऱ्या मालकाच्या वहिनीकडे आहे. तिचं नाक मीटरपेक्षा आधी बोलतं.

जळक्या तेलाचा ड्रम आता अधिकृत गोळा करणारा नेतो. भाव मागच्या दाराच्या माणसापेक्षा कमी, पण पावती मिळते, आणि अन्न प्रशासनाचा निरीक्षक आला की वहीबरोबर तीच दाखवायची असते. छापील रोल दिवाळीपर्यंत संपतील असा अंदाज आहे. नव्या छपाईत चिवड्यापुरतं कोंड्याचं तेल लिहायचं की सोयाबीनच ठेवायचं, यावर मालक अजून दोन भाव मागवून बसला आहे.